खंड्यावर कोण बसलंय?

विद्यापीठाच्या संगणककक्षात चाळीस यंत्रं होती आणि प्रत्येकाला एका पक्ष्याचं नाव होतं. ही हौस पासवर्डकाकांची. कक्षाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असायची. विद्यार्थी सारखे पासवर्ड विसरायचे आणि नवा मागायला त्यांच्या काचेच्या खोलीबाहेर रांग लावायचे, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. ‘यंत्र क्रमांक सतरा बिघडलं’ म्हटलं की कुणाला काही वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. ‘टिटवी आजारी आहे’ म्हटलं की निदान दोन पोरं तरी विचारपूस करून जातात.

खिडकीजवळच्या यंत्राचं नाव खंड्या. तिथे दादा बसायचा.

दादा शेवटच्या वर्षाला होता, त्याची धाकटी बहीण पहिल्या. लहानपणी ती त्याच्या शर्टाची बटणं तोडून तोंडात घालायची, म्हणून तो तिला बटण म्हणायचा. ती विद्यापीठात आल्यावर चारचौघांतसुद्धा त्यानं ती सवय सोडली नाही. नव्या मुलांची खाती उघडायला पासवर्डकाकांना महिना लागला. तेवढे दिवस दादानं तिला स्वतःचं खातं वापरायला दिलं. “हा पासवर्ड पोटात ठेवायचा,” तो म्हणाला. “तसंही माझ्या वस्तू पोटात घालायची सवय आहेच तुला.”

सहामाही परीक्षेच्या आधी, एका गुरुवारी, दादानं घरी फोन केला. डोकं दुखतंय म्हणाला. आई सरकारी दवाखान्यात नर्स. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची दुखणी काढण्यात गेलेली. ती म्हणाली, “गोळी घे, पाणी पी आणि त्या कॉम्प्युटरसमोरून ऊठ जरा.” मग बाबांनी फोन घेतला. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवतात. ते म्हणाले, “नंबर वाढला असणार. सुट्टीत ये, तपासून देतो.” शुक्रवारी सकाळी त्यानं बटणलाही सांगितलं. ती म्हणाली, “डोकं आहे का तुला दुखायला?” दोघंही हसली.

शनिवारी तो अंथरुणातून उठला नाही. खोलीतल्या जोडीदारानं त्याला उचलून दवाखान्यात नेलं. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. रविवारी सकाळी तो गेला. आई तेव्हा वाटेत होती, बसमध्ये.

बटण तीन आठवडे घरी राहिली. बाबा दुकानातून आले की हात धुवायचे, आणि धुतच राहायचे. आई आठव्या दिवशी कामावर गेली आणि तापाचा कुठलाही रुग्ण आला की आधी त्याची मान वाकवून बघायला लागली. भेटेल त्याला, दादाच्या मित्रांना, त्याच्या शिक्षकांना, ती एकच विचारायची. “तुम्हाला म्हणाला होता का हो, डोकं दुखतंय?” ते बघवेना, तेव्हा बटण परत वसतिगृहात आली.

आठवडाभरानं दादाचा जोडीदार तिला शोधत आला. चाचरतच म्हणाला, “आमचा दोघांचा प्रकल्प त्याच्या खात्यात अडकलाय. पासवर्ड कुणालाच माहीत नाही.”

“मला आहे,” बटण म्हणाली. पण सांगितला नाही. मीच काढून देते म्हणाली.

दुपारी ती कक्षात गेली. तिथे एसीची थंडी मरणाची असायची, म्हणून तिनं दादाचा करडा स्वेटर चढवला होता. खंड्या रिकामा होता. तिनं दादाचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि यंत्रानं काहीच झालं नसल्यासारखं तिला आत घेतलं. प्रकल्प सापडला, फ्लॉपीवर उतरला. पाच मिनिटांचं काम. मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तिला दिसलं : न वाचलेली पत्रं एकेचाळीस.

बहुतेक सूचना होत्या. वाचनालयाची पुस्तकं परत करा, शुक्रवारी नेटवर्क दोन तास बंद राहील, असलं काहीबाही. पण त्यात दहा पत्रं एकाच पत्त्यावरून आलेली होती, भूगोल विभागातून. सगळी दादा गेल्यानंतरच्या तारखांची.

उघडायला नको होती. हे तिला तेव्हाही कळत होतं.

“आज आठवा दिवस,” पहिल्यात लिहिलं होतं. “मला नोटीस बोर्डावरून कळलं. मला कळवणार तरी कोण, माझ्याबद्दल कुणाला माहीत असेल तर ना. बोर्डासमोर पोरांची गर्दी होती, म्हणून मी परीक्षेचं वेळापत्रक उतरवून घेत असल्यासारखं केलं. सगळं वेळापत्रक उतरवलं. तुमच्या विभागाचंसुद्धा.” खाली सही होती : नकाशेवाली.

दुसऱ्यात होतं, “परीक्षेत मी नदी उलटी वाहवली. समुद्राकडून डोंगराकडे. सर म्हणाले, कुठे लक्ष आहे?” तिसऱ्यात, “खोलीत पाल आलीय. तुला बोलावून उपयोग नव्हताच म्हणा. तू खुर्चीवर चढून बसला असतास आणि मला म्हणाला असतास, हाकल हाकल.”

बटणनं ते पत्र तीनदा वाचलं. घरी पाल निघाली की झाडू घेऊन धावायचा तो दादाच. ती आणि आई खाटेवर चढून बसायच्या आणि तो राजासारखा छाती काढून म्हणायचा, गेली बघा. म्हणजे एवढी वर्षं तो घाबरत होता आणि त्यानं ते दाखवलं नव्हतं. हे तिला या कोण कुठल्या मुलीकडून कळत होतं. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि त्यातलं काय आधी आलं ते तिला सांगता आलं नसतं.

मग ते रोजचंच झालं. तास संपले की ती खंड्यावर जाऊन बसायची. कुणी बसलेलं असलं तर मागे घुटमळत राहायची. एक दिवसाआड नवं पत्र यायचं. नकाशेवाली कधी चार ओळी लिहायची, कधी पानभर. शिसपेन्सिलीला टोक करता करता बोट कापलं. पुलावर बसायचो तिथे आता रंगारी बसलेत. “तू बटणला आपल्याबद्दल सांगणार होतास ना रे? सांगितलंस का?” एका पत्रात होतं, “त्या शुक्रवारचं मी लिहीन तुला. अजून हात होत नाही.”

दादाचं कुठेतरी काहीतरी अजून चालू आहे, असं बटणला ती पत्रं वाचताना वाटायचं. तासात लक्ष लागायला लागलं. जेवण जायला लागलं. आपण एका जिवंत माणसाच्या खिशात हात घालतोय, हे ती स्वतःला सांगायची नाही.

त्या नेटवर्कवर फिंगर नावाची एक सोय होती. फिंगर लिहून पुढे कुणाचंही नाव टाकलं, की तो माणूस शेवटचा यंत्रावर कधी बसला, कुठल्या यंत्रावर बसला आणि त्यानं आपली पत्रं वाचली की नाही, एवढं सगळं दिसायचं. पोरं दिवसभर एकमेकांना फिंगर करत बसायची. नकाशेवालीनं मात्र इतके दिवस दादाला केलं नव्हतं. पत्रं लिहिणं वेगळं. फिंगर केलं तर तो शुक्रवार गोठलेला दिसेल आणि खाली लिहिलेलं असेल, पत्रं वाचलेली नाहीत. तेवढी तिची छाती नव्हती.

एकोणिसावं पत्र पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, भूगोल विभागातल्या यंत्रावर, तिनं ते केलं. पडद्यावर आलं : आता यंत्रावर आहे. यंत्र, खंड्या. न वाचलेलं एकही पत्र नाही.

ती हुशार मुलगी होती. मेलेली माणसं पत्रं वाचत नाहीत हे तिला कळत होतं. पण पाय कुणाचं ऐकतात? ती उठली ती जिना उतरून मैदान ओलांडून धावतच निघाली.

बटणला पाठीमागून फक्त दार आपटल्याचा आवाज आला. मग कुणीतरी तिच्या मागे येऊन थांबलं. धाप ऐकू येत होती. बटण वळली, तेव्हा त्या मुलीचा हात स्वेटरच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता. बोटांना निळी शाई लागलेली. बटणचा चेहरा दिसला आणि तो हात तसाच हवेत राहिला.

“तू…” ती म्हणाली. “तू वाचतेयस?”

बटणनं पडदा झाकायचा प्रयत्न केला. तळहातानं पडदा झाकतो का कुठे.

“सगळी वाचलीस?”

“हो.”

“किती?”

“एकोणीस.”

नकाशेवाली शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. मग हळू म्हणाली, “ती माझी होती.”

“दादाला लिहिलेली होती,” बटण म्हणाली. “आणि दादा माझा.”

“तू बटण ना? तो सारखं तुझं सांगायचा. सारखं.” तिनं स्वेटरच्या बाहीकडे पाहिलं. “तुला कधी बोलला का, माझ्याबद्दल?”

बटणला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण पकडलं गेल्याची लाज होती, आणि दादाचं ते पालीला घाबरणं आपल्याला सोडून दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक होतं हेही सलत होतं. ती म्हणाली, “नाही. एक अक्षर नाही. असती काही एवढी मोठी गोष्ट तर सांगितली असती त्यानं मला.”

नकाशेवालीनं मान हलवली, हिशेब बरोबर निघाल्यासारखी. मग उठली आणि निघून गेली. धावली नाही. खुर्ची तेवढी जागेवर सरकवून ठेवली.

त्यानंतर पत्र आलं नाही. बटण चार दिवस जाऊन बसली. पाचव्या दिवशी पासवर्डकाकांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं.

“बस,” ते म्हणाले. “रागावणार नाहीये. गेलेल्या विद्यार्थ्याचं खातं कुणीतरी वापरतंय, अशी माझ्याकडे तक्रार आली. मी नोंदी पाहिल्या. रोज दुपारी, खंड्या.” त्यांनी चष्मा काढला, परत घातला. “माझीच चूक. खातं महिन्यापूर्वीच बंद करायला हवं होतं. रोज म्हणायचो, उद्या करू.”

“बंद करू नका.”

“करावं लागतं गं. आईबाबांना बोलाव. त्यांची सही लागते. त्याचं जे काही आहे ते सगळं फ्लॉपीवर देतो. फक्त…” ते अडखळले. “तक्रार करणाऱ्या मुलीचं म्हणणं आहे, पत्रं तेवढी कुणाला देऊ नका. आधी काढून टाका. कायद्यानं ती कुणाची, मला सांगता येत नाही. सगळ्यांनीच समोर बसलेलं बरं.”

आईबाबा शुक्रवारी आले. काकांनी कुठून कुठून खुर्च्या गोळा केल्या होत्या. तरीही नकाशेवाली दाराशी उभीच राहिली. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “या मुलीची काही पत्रं आहेत त्यात.”

“कोण ही?” आईनं विचारलं.

काका बटणकडे बघायला लागले. नकाशेवाली जमिनीकडे बघत होती.

“दादाची आहे ती, आई,” बटण म्हणाली.

आईनं त्या मुलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, नवा रुग्ण आल्यावर बघते तसं. आता काय बोलेल कुणाला कळेना. बाबा अर्धवट उठले, आपली खुर्ची त्या मुलीला द्यायला. आणि आईनं विचारलं, दोन महिने जे सगळ्यांना विचारत होती तेच.

“तुला म्हणाला होता का गं, डोकं दुखतंय?”

“हो,” नकाशेवाली म्हणाली.

आतापर्यंत मित्रांपैकी, शिक्षकांपैकी कुणी हो म्हटलं नव्हतं. आई पुढे वाकली. “कधी?”

“शुक्रवारी दुपारी. इथेच, खंड्यावर.”

“मग?”

“आमचं भांडण झालं होतं. तुम्हाला भेटायला मला घरी ने म्हणून मी मागे लागले होते आणि तो म्हणत होता परीक्षेनंतर. मग म्हणाला, डोकं फार दुखतंय, नंतर बोलू. मी म्हटलं, बरं दुखायला लागलं नेमकं आता. आणि उठून गेले. संध्याकाळीही तो इथे बसलेला मला फिंगरवर दिसत होता. त्यानं दोनदा निरोप टाकला. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, राहू दे जरा.”

“मान दुखतेय म्हणाला?”

“म्हणाला नाही.” तिला तो प्रश्न कशासाठी आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं आठवून खरं ते सांगितलं. “पण सारखा चोळत होता. आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. उजेड नको म्हणाला.”

आईनं डोळे मिटले. मान आणि उजेड, एवढं कानावर पडलं असतं तर सत्तावीस वर्षांच्या नर्सला तिसरं काही विचारावं लागलं नसतं. शुक्रवारी दुपारी अजून वेळ होता. बटणला हे सगळं आईच्या तोंडावर वाचता आलं. त्या मुलीलाही आलं.

“म्हणजे?” ती म्हणाली. “म्हणजे मी जर…”

आई उठली. कुणाकडेही न बघता दार उघडून बाहेर गेली.

बाबा तसेच अर्धवट उभे होते. ते परत बसले. “मी नंबर वाढला असेल म्हणालो होतो, पोरी,” ते म्हणाले. “सुट्टीत ये, तपासून देतो म्हणालो.” मग त्यांनी काकांपुढचा कागद ओढून घेतला, न वाचता सही केली आणि आईच्या मागे गेले.

काकांनी पत्रांचं काय करू, असं विचारलंच नाही. त्यांनी दोघींना खंड्यावर बसवलं आणि आपण लांब जाऊन उभे राहिले. बटणनं पासवर्ड टाकला. नकाशेवालीनं एकेक पत्र उघडलं, न वाचता पुसलं.

“एक ठेवशील?” बटण म्हणाली. “ते पालीचं. त्या दिवशी मी तुला जे बोलले ते… मला वाईट वाटलं होतं, म्हणून बोलले. फक्त ते एक ठेव.”

नकाशेवालीनं ते उघडलं. या वेळी वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत. “नको गं,” ती म्हणाली. “त्याला लिहिलं होतं ते.” आणि पुसलं.

एकोणीसही गेली. मग काका आले आणि त्यांनी उभ्या उभ्याच खातं बंद केलं. तीन मिनिटंही लागली नाहीत. दादाचे हिशेब, प्रकल्प, अर्धवट लिहिलेले प्रोग्रॅम सहा फ्लॉप्यांवर मावले. त्यांना रबर लावून त्यांनी त्या बटणच्या हातात दिल्या.

बसथांब्यावर बाबा तिकिटं काढायला गेले तेव्हा आई म्हणाली, “त्या पोरीला सांगायला हवं होतं मी. तिची चूक नाही म्हणून. तोंडातून शब्द फुटला नाही.”

“मी सांगते.”

“सांग.” आईनं पदरानं तोंड पुसलं. “पण आईनं मनापासून सांगितलंय, असं म्हणू नकोस. अजून तसं होत नाहीये माझ्याच्यानं. फक्त सांगितलंय एवढंच म्हण.”

सोमवारी बटण भूगोल विभागात गेली. वरच्या मजल्यावर लांबलचक उतरत्या टेबलांची खोली होती. नकाशेवाली कडेच्या टेबलावर वाकून पट्टीनं रेघा ओढत होती. बटणनं निरोप सांगितला.

नकाशेवालीनं पट्टी खाली ठेवली. “खरंच म्हणाल्या?”

“हो.”

“कशा म्हणाल्या?”

बटणला खोटं बोलायला एक क्षण पुरला असता, पण तो क्षण हातून गेला. नकाशेवालीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग तिला जे कळायचं ते कळलं.

“बरं,” ती म्हणाली. “त्यांना सांग, निरोप मिळाला.” आणि परत टेबलावर वाकली.

त्या दोघी मैत्रिणी झाल्या नाहीत. मैदानात समोरासमोर आल्या तर थांबायच्या, अभ्यास कसा चाललाय वगैरे विचारायच्या, आणि दोघींनाही कुठेतरी जायची घाई असायची. वार्षिक परीक्षेच्या निकालानंतर नकाशेवाली विद्यापीठ सोडून गेली. पुढच्या वर्षाला तिनं नावच घातलं नाही. बटण विचारायला गेली तेव्हा ते टेबल दुसऱ्या मुलीला मिळालं होतं आणि विभागात कुणाला तिचा घरचा पत्ता सांगता येईना. विद्यापीठाच्या नेटवर्कवरचं तिचं खातंही नियमाप्रमाणे वेळेवर बंद झालं होतं. या वेळी पासवर्डकाकांनी उद्यावर टाकलं नव्हतं.

आई दर रविवारी वसतिगृहाच्या फोनवर फोन करायची. जेवलीस का, झोपतेस का, खोकला गेला का. मग विचारायची, “ती पोरगी दिसते का गं?”

पहिल्यांदा विचारलं तेव्हा बटण दिसते म्हणाली, कारण तेव्हा ती खरंच दिसायची. मग सवयीनं म्हणत राहिली. “दिसते.” “बरी आहे ना?” “बरी आहे.” “बारीक होती फार.” “आता जरा भरलीय.”

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर, अशाच एका रविवारी, आईचा फोन आला. मागे दवाखान्यातल्या गाड्यांच्या चाकांचा आवाज येत होता. कामावरूनच फोन केला होता तिनं.

“काल रात्रपाळीला एक बाई होती,” आई म्हणाली. “तिच्या मुलाला आणायला उशीर झाला होता. मी तिला समजावत होते, तुमची काही चूक नाही, कुणालाही कळलं नसतं. तासभर समजावलं. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की हे मी खरंच म्हणतेय. त्या पोरीला सांग. आता मनापासून सांगितलंय म्हण. किंवा असं कर, तिला घरीच घेऊन ये या सुट्टीत. मीच सांगते.”

फोनच्या रांगेत बटणमागे तीन मुली उभ्या होत्या. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

“आणतेस ना?” आईनं विचारलं.

“हो,” बटण म्हणाली. “विचारते तिला.”